बीएस्सीला बॉटनी-झूलॉजी घ्यावं की पर्यावरणशास्त्र?

बारावीनंतर जीवशास्त्राची आवड असलेल्या मुलांपुढे हा पेच हमखास येतो. नीटचे गुण एमबीबीएसपर्यंत पोहोचलेले नसतात, किंवा मुळात डॉक्टर व्हायचंच नसतं. झाडं, प्राणी, नद्या यांच्याशी संबंधित काहीतरी करायचं असतं. कॉलेजच्या माहितीपत्रकात मग दोन पर्याय दिसतात. वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र ऐकायला आजोबांच्या काळातलं वाटतं, पर्यावरणशास्त्र एकदम ताजं. घरातही 'पुढे यालाच स्कोप आहे' असं कुणीतरी बोलून जातं.

माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेकांनी पदवीला जीवशास्त्राची एक मूळ शाखा घ्यावी आणि पर्यावरणाकडे एमएस्सीला वळावं. याला अपवाद आहेत, आणि ते किरकोळ नाहीत.

आधी एक गैरसमज बाजूला करू. पर्यावरणाची आपली ओळख होते ती पदवीच्या सक्तीच्या पेपरातून. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाचे निर्देश दिले, त्यातूनच पुढे तो पेपर आला. आदल्या रात्री मित्राच्या वहीवरून प्रोजेक्ट उतरवला की सुटतो, अशी त्याची ख्याती. बीएस्सी पर्यावरणशास्त्राचा त्याच्याशी फक्त नावापुरता संबंध आहे. प्रत्यक्षात हा विषय बराचसा रसायनशास्त्र आहे.

नदीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर बाटली एकही बुडबुडा न राहू देता भरायची आणि तिथेच काठावर मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर त्या पाण्यात माशांनी जगायचं कसं, हा प्रश्न. मग प्रयोगशाळेत आम्ल, स्टार्च, आणि निळा रंग जाईपर्यंत ब्युरेटमधून थायोसल्फेटचे थेंब. बीओडीसाठी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते मोजायला, दुसरी बाटली इनक्युबेटरमध्ये २७ अंशांना तीन दिवस ठेवायची आणि पुन्हा तेच सगळं. सहली निघतात त्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर आणि कचरा डेपोवर. वाघ बघायला मिळेल म्हणून आलेली मुलं पहिल्या सत्रातच हिरमुसतात. शिवाय कायदेही शिकावे लागतात: १९७४ चा पाणी प्रदूषणाचा, १९८१ चा हवेचा, भोपाळ दुर्घटनेनंतरचा १९८६ चा पर्यावरण संरक्षणाचा. ज्याला केमिस्ट्री आणि असे कागद दोन्ही आवडतात, त्याने हाच विषय घ्यावा. माझा पहिला अपवाद हाच.

बॉटनी-झूलॉजीचं काम वेगळ्या जातीचं. कांद्याच्या मुळाचं टोक आम्लात मऊ करून, रंगवून, काचपट्टीवर अंगठ्याने दाबायचं. सुरुवातीला नुसता लगदा दिसतो, हात बसला की पेशीविभाजनाच्या अवस्था दिसायला लागतात. सप्टेंबरात कासच्या पठारावर किंवा महाबळेश्वरला नेतात आणि गुडघ्यावर बसून इंचभर फुलाच्या पाकळ्या-पुंकेसर मोजायला लावतात. झूलॉजी म्हणजे बेडूक कापणं, ही घरच्यांची भीती आता जुनी झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये विच्छेदन बंद करायला सांगितलं. या शाखांचं दुखणं दुसरंच आहे: पाठांतर. वर्गीकरणाच्या याद्या घोका आणि परीक्षेत ओका, असं अनेक ठिकाणी चालतं, आणि संख्याशास्त्राला कुणी हात लावत नाही. ते स्वतःहून शिकावं लागतं.

तरीही मी मूळ शाखेच्या बाजूने आहे, कारण दारं कुठल्या बाजूने उघडतात ते बघायला हवं. बॉटनी किंवा झूलॉजी केलेल्याला एमएस्सी पर्यावरणशास्त्राला साधारणपणे अडवत नाहीत. या विभागांत वेगवेगळ्या विज्ञान शाखांची मुलं येतात. उलट्या वाटेने एमएस्सी बॉटनीला जाऊ म्हटलं तर पदवीला तो विषय होता का, हे विचारलं जातं. सर्वांत ठळक उदाहरण भारतीय वनसेवेचं. लोकसेवा आयोगाच्या या परीक्षेला पदवीत ठरावीक यादीतला किमान एक विषय लागतो: वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक. नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. या यादीत पर्यावरणशास्त्र नाही! जंगलात काम करायचं म्हणून कुणी पर्यावरणशास्त्र घेतं, आणि जंगल खात्याच्या सर्वोच्च परीक्षेला सोबतचा केमिस्ट्रीसारखा एखादा विषयच त्याला वाचवतो. प्रवेश घेताना जोडविषय नीट निवडा, हे त्यासाठीच. (वनसेवेला चार तासांत पुरुषांना २५ आणि महिलांना १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. तो अभ्यास वेगळा.)

नोकरीचं चित्र मात्र एकतर्फी नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. पाणी किती वापरलं, कार्बन किती सोडला, कचऱ्याचं काय केलं, हे मांडायला माणसं लागतात आणि तिथे पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या, हवेच्या तपासण्या करणाऱ्या खासगी प्रयोगशाळांतही तेच. बीएस्सीवरच कमवायला लागायचं असेल, तर तो घरचा नाइलाज असो वा स्वतःची इच्छा, पर्यावरणशास्त्राचं पारडं जड आहे. हा दुसरा अपवाद.

प्रकल्पांच्या पर्यावरण आघात मूल्यांकनात, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल ते आधीच तपासण्याच्या, २००६ च्या अधिसूचनेनुसार होणाऱ्या कामात, दोघांनाही जागा आहे. कुणी हवेतली धूळ पकडणारं यंत्र लावून फिल्टर कागदाचं आधीचं-नंतरचं वजन घेतो, तर परिसरातल्या वनस्पती आणि पक्षी ओळखून यादी करणारा तज्ज्ञ वेगळा असतो. हे दुसरं काम पर्यावरणाच्या पदवीवर निभत नाही; झाड ओळखता यायला हवं. पश्चिम घाटात तर विशेषच.

संशोधनाकडे जायचं असेल तर फार खल करायची गरज नाही, मूळ शाखाच. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्राचा वन्यजीव अभ्यासक्रम, पुण्यातली आघारकर संस्था, मुंबईची १८८३ पासूनची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), सगळीकडे जीवशास्त्राचा पाया कामी येतो. पाणी-हवा-कचऱ्याचं संशोधन करायचं असेल तर नागपूरची नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. तिथे केमिस्ट्री पक्की हवी. बारावीतच मन पक्कं असेल आणि गणिताची भीती नसेल, तर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची स्वतंत्र प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचा बीएस-एमएस हा या दोन्हींपेक्षा सरस पर्याय आहे. तिथे सुरुवातीला सगळेच विज्ञान विषय शिकवतात, निवड नंतर.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे मधली वाटही निघाली आहे: मुख्य विषय बॉटनी, दुय्यम विषय पर्यावरण. कॉलेजात अशी जोडी मिळत असेल तर मी डोळे झाकून तीच घेईन.

डोळे उघडे ठेवायचे ते कॉलेज निवडताना. पर्यावरणशास्त्राचा विभाग नवा असेल तर शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावरचे, बीओडी इनक्युबेटर चालू आहे की नुसता कोपऱ्यात उभा आहे, आणि मागच्या दोन तुकड्यांतली मुलं सध्या काय करतात, हे प्रवेशाआधी जाऊन विचारा. ऑफिसात विचारू नका. तिसऱ्या वर्षाची मुलं कॅन्टीनमध्ये भेटतात, त्यांना विचारा.