कोटेड कागदात हाय-यील्ड पल्प : आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी आमच्या कोटेड (वरून लेप दिलेल्या) कागदाच्या बेसमधला, म्हणजे लेपाखालच्या मूळ कागदातला, थोडा हार्डवुड क्राफ्ट (रुंद पानांच्या झाडांचा, रसायनांत शिजवलेला पल्प) कमी करून अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा बीसीटीएमपी (रसायनं आणि उष्णतेने मऊ करून यंत्राने दळलेला, ब्लीच केलेला हाय-यील्ड पल्प) घालायला लागलो. सुरुवात ५ टक्क्यांनी केली, आता १५ वर आहोत.

क्राफ्टमध्ये लाकडाचा जेमतेम निम्मा भाग पल्प म्हणून हाती येतो. बीसीटीएमपीत लिग्निन (लाकडातले तंतू जोडून धरणारा पदार्थ) काढून टाकत नाहीत, म्हणून उतारा ८५-९० टक्क्यांपर्यंत जातो. पण मला हा पल्प आवडला तो बल्कमुळे, म्हणजे फुगीरपणामुळे. तंतू ताठ असतात, सहजी चपटे होत नाहीत. तेवढ्याच जीएसएमचा (चौरस मीटरला तितक्याच ग्रॅमचा) कागद बोटांना जाड लागतो, कडक वाटतो आणि पाठीमागची छपाई कमी दिसते.

हाच बल्क कॅलेंडरवर (कागद दाबून गुळगुळीत करणाऱ्या रोलवर) घालवणं मात्र फार सोपं आहे, आणि पहिले दोन महिने आम्ही तेच केलं. ग्लॉस (चकाकी) कमी दिसला की दाब वाढवायचा! ग्लॉस मिळायचा, पण जाडी पुन्हा जुन्या कागदाइतकी. मग दाब उतरवला आणि रोलचं तापमान वाढवलं. उष्णतेने वरचा थर मऊ होऊन दबतो, आतला भाग फुगीर राहतो. खरा फायदा तेव्हापासून दिसायला लागला.

दुसरा त्रास कोटरवर, म्हणजे लेप देणाऱ्या यंत्रावर. कागदावर केसासारखी बारीक, सरळ रेघ उमटायची. लेप सारखा करणारं ब्लेड उघडून पाहिलं तर टोकाखाली न सुटलेल्या तंतूंचा इवलासा पुंजका. वाळलेल्या पल्पच्या गाठींमधले (गठ्ठ्यांमधले) तंतू पिळलेले असतात, थंड पाण्यात ते नीट सुटत नाहीत. पल्परचं (पल्प पाण्यात कालवणाऱ्या टाकीचं) पाणी ७० अंशांवर नेल्यावर रेघा जवळजवळ बंद झाल्या. या पल्पबरोबर अ‍ॅनायॉनिक कचराही (पाण्यात उतरलेले ऋणभारित पदार्थ) येतो, त्यामुळे रिटेन्शन (बारीक कण कागदात टिकण्याचं प्रमाण) घसरलं होतं. हा कचरा बांधून ठेवणारं फिक्सेटिव्ह आधी घालायला लागल्यावर ते सावरलं.

लिग्निन उन्हाने पिवळं पडतं, म्हणून पिवळेपणाची धास्ती होती. दोन तुकडे अर्धे काळ्या कागदाने झाकून महिनाभर उन्हाच्या खिडकीत ठेवले. कोटिंग नसलेल्या बेसवर झाकलेल्या-उघड्या भागातला फरक लांबूनही कळत होता; कोटेड तुकड्यावर निरखून पाहावं लागलं. मासिकं, कॅटलॉग यांना हा कागद मी बिनधास्त देईन. वर्षानुवर्षं जपायच्या पुस्तकांना नाही देणार. शिवाय लिग्निन अतिनील किरण स्वतःच शोषतं, त्यामुळे बेसमध्ये घातलेल्या ऑप्टिकल ब्राइटनरचा (अतिनील किरण शोषून कागद जास्त पांढरा दाखवणाऱ्या द्रव्याचा) पूर्ण उपयोग होत नाही. आम्ही तो आता कोटिंगमध्येच घालतो.

२० टक्केही करून पाहिले. कोटरवर वेब (कागदाची सलग पट्टी) वारंवार तुटायला लागला, म्हणून मागे आलो. आता लांब तंतूंचा सॉफ्टवुड क्राफ्ट थोडा वाढवून पुन्हा २० वर जाऊन बघणार आहे.