विषारी रसायनांची मर्यादा मात्रा: आकडा कोणत्या पद्धतीने ठरवावा?

क्लोरीनचा एक टनर (टनभर वायूचं मोठं सिलिंडर) घ्या. त्यात साधारण ९०७ किलो क्लोरीन असतो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत हा एकटा टनर कक्षेत येतो, कारण तिथली मर्यादा, म्हणजे जेवढा साठा झाला की नियम लागू होतो ती मात्रा, ६८० किलो आहे. त्याच देशाच्या पर्यावरण संस्थेच्या अपघात-प्रतिबंध नियमांत तो येत नाही. तिथे ११३४ किलो लागतात, म्हणजे दुसरा टनर आणावा लागतो. युरोपच्या मोठ्या रासायनिक अपघातांविषयीच्या सेवेसो निर्देशात पहिली पायरीच १० टनांवर आहे. अकरा टनर शेजारी शेजारी उभे केले तरी बेरीज १० टनांच्या जेमतेम वीसेक किलो खाली राहते. भारताच्या १९८९ च्या घातक रसायन नियमांतही क्लोरीनसाठी १० आणि २५ टन हेच दोन टप्पे आहेत.

वायू एकच असताना आकड्यांत (खालच्या तक्त्यात दिसेल तसा) दोनशे पटींहून अधिक फरक कसा पडतो, हे समजून घेतल्याशिवाय नवा आकडा सुचवू नये असं माझं ठाम मत आहे. तुम्ही नियमांचा मसुदा करणाऱ्या समितीवर असाल किंवा एखाद्या उद्योगसमूहाची अंतर्गत मर्यादा ठरवत असाल, समोर येणारे पर्याय म्हणजे आकडा काढण्याच्या पुढच्या चार पद्धती. आधी चार नियमांतले आकडे पाहू (किलोमध्ये, पौंडांवरून बदललेले):

| रसायन | सामुदायिक माहिती कायदा, अमेरिका (१९८६) | कामगार सुरक्षा नियम, अमेरिका (१९९२) | अपघात-प्रतिबंध नियम, अमेरिका | सेवेसो ३, खालची पायरी |
|---|---|---|---|---|
| क्लोरीन | ४५ | ६८० | ११३४ | १०,००० |
| अमोनिया, निर्जल | २२७ | ४५३६ | ४५३६ | ५०,००० |
| फॉस्जिन | ४.५ | ४५ | २२७ | ३०० |
| मिथाइल आयसोसायनेट | २२७ | ११३ | ४५३६ | १५० (याला एकच, वरची पायरी) |

शेवटची ओळ पुन्हा वाचा. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री जे बाहेर पडलं तेच हे रसायन. दोन नियमांत त्याला शे-दीडशे किलोंची मर्यादा आहे आणि एका नियमात साडेचार टनांची. आकड्यांतला हा फरक कुणाच्या निष्काळजीपणामुळे पडलेला नाही. आकडा काढण्याची पद्धत वेगळी आहे, म्हणून उत्तर वेगळं आलं.

निर्देशांकाची पद्धत

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८६ च्या कायद्यासाठी ही वापरली. रसायनाची धोकादायक हवेतली पातळी घ्यायची आणि त्याचा किती अंश हवेत जाईल त्याने भागायचं. येणाऱ्या क्रमावरून रसायनं १, १०, १००, ५००, १००० आणि १०,००० पौंडांच्या खणांत टाकायची. धोक्याची पातळी म्हणून कामगाराला तातडीने बाहेर पडावं लागेल अशी जी संहती (हवेतलं प्रमाण) मानली जाते, ती धरली; स्थानिक आपत्कालीन आराखड्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत मात्र तिचा दहावा भाग धरला. ती संहती धडधाकट कामगारासाठी बेतलेली असते. वस्तीत लहान मुलं आणि आजारी माणसंही असतात, म्हणून हा दहावा भाग. मला ही तडजोड समंजस वाटते.

पद्धत स्वस्त आहे. शेकडो रसायनं थोड्या दिवसांत क्रमाला लागतात, आणि दोन माणसांनी गणित केलं तरी उत्तर एकच येतं. तिची खोट मात्र भोपाळनेच दाखवली आहे. वायू पूर्णपणे हवेत जातो असं ही पद्धत धरते. द्रवाचा मात्र सांडलेल्या डबक्यातून उडणारा थोडा अंशच मोजते. मिथाइल आयसोसायनेट ३९ अंशांना उकळणारा द्रव आहे, त्यामुळे तो सौम्य खणात सरकतो. भोपाळच्या टाकीत पाणी शिरलं, अभिक्रिया भडकली, आणि टाकीतल्या सुमारे ४२ टनांपैकी मोठा भाग गरम वाफ होऊन बाहेर पडला. तिथे डबकं झालंच नव्हतं. तेव्हा ही पद्धत घेणार असाल तर पाण्याशी किंवा स्वतःशीच जोरात अभिक्रिया करणारे द्रव वेगळे काढा आणि त्यांना वायू समजा.

अंतराची पद्धत

इथे प्रश्न सरळ विचारला जातो: किती साठा सुटला तर अमुक अंतरावर, समजा १०० मीटरवर, घातक संहती पोहोचेल? लोकांना समजावून सांगायला याहून सोपं काही नाही. मात्र तिच्या उत्तरातला नेमकेपणा फसवा असतो. अख्खा साठा १० मिनिटांत सुटला असं धरायचं की तासाभरात? दर सहापट बदलतो आणि त्याबरोबर मर्यादाही. क्लोरीनसाठी १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०) धरायचे की त्याचा दहावा भाग? आणखी दहापट. म्हणजे अंतर आणि वारा तेच ठेवूनही दोन प्रामाणिक माणसांच्या उत्तरांत साठपट फरक पडू शकतो. वर क्लोरीनसारखा हवेपेक्षा जड वायू जमिनीलगत, खोलगट भागातून सरकतो आणि ढग कसा पसरेल हे सांगणाऱ्या साध्या गणिती प्रतिमानाला जुमानत नाही.

तरीही वायूंसाठी मी हीच पद्धत निवडेन. तिची गृहीतकं उघड्यावर असतात. सुटण्याचा काळ, वाऱ्याचा वेग, संहती आणि अंतर हे चार आकडे नियमाच्या परिशिष्टात छापा. पुढच्या समितीला मग भांडायला काहीतरी ठोस मिळेल.

वर्गवारीची पद्धत

सेवेसो ३ चा, म्हणजे जून २०१५ पासून लागू असलेल्या निर्देशाचा कणा हा आहे. रसायनाचं नाव यादीत नसलं तरी चालतं. तीव्र विषारीपणाच्या पहिल्या वर्गात असेल तर ५ आणि २० टन. दुसऱ्या वर्गात असेल, किंवा श्वासातून तिसऱ्या वर्गात, तर ५० आणि २०० टन. नवं रसायन बाजारात आलं की आपोआप कक्षेत येतं.

नुसत्या नावांच्या यादीचा धोका कळायला टेक्सासमधल्या वेस्ट गावाची घटना पुरेशी आहे. एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या खतसाठ्याचा स्फोट होऊन १५ माणसं गेली. त्या जागेचा अमोनिया अपघात-प्रतिबंध नियमांखाली नोंदलेला होता. ज्याचा स्फोट झाला ते अमोनियम नायट्रेट त्या यादीत नव्हतंच. विषारी रसायनाची गोष्ट नव्हे ही, पण यादीतल्या भोकाची नक्कीच आहे.

वर्गवारी जाडीभरडी असते. एकाच खणात उडणारा वायू आणि पोत्यातली भुकटी शेजारी बसतात. फॉस्जिन वर्गवारीवर सोडलं असतं तर त्याला निदान ५ टन मिळाले असते, म्हणून ते नावानिशी ३०० किलोंवर आणावं लागलं. म्हणून वर्गवारीसोबत नावांची छोटी यादी लागतेच.

चौथा मार्ग म्हणजे इतरांच्या याद्या एकत्र करून अनुभवी माणसांनी आकडे ठरवणं. वेळ नसेल तर चालेल, पण दहा वर्षांनी आकड्यामागचं कारण कुणालाच सांगता येत नाही.

आकड्याआधी हेतू

अग्निशामक दलाला आत काय आहे एवढंच कळवायचं असेल तर मर्यादा खालीच हवी. क्लोरीनची ४५ किलोंची मर्यादा ६८ किलोंच्या एका सिलिंडरलाही पकडते, आणि ते योग्यच आहे. नोंदणीचा खर्च फारसा नसतो. सुरक्षा अहवाल, कारखान्याबाहेरचा आपत्कालीन आराखडा आणि वस्तीपासूनचं अंतर हे सगळं मागायचं असेल तर आकडा वर न्यावा लागेल, नाहीतर तपासणारे अधिकारी कागदांखाली दबतील. एकाच आकड्याने दोन्ही कामं करू पाहणारा मसुदा मी परत पाठवेन. दोन पायऱ्या ठेवा, शक्य असेल तर तीन.

मोजायचं कसं, यावर समित्या फार कमी वेळ देतात, आणि खरी पळवाट तिथेच असते. अमेरिकेचे कामगार सुरक्षा आणि अपघात-प्रतिबंध नियम एका प्रक्रियेतला साठा मोजतात. सेवेसो अख्ख्या आस्थापनेतला मोजतो आणि वर बेरजेचा नियम लावतो. प्रत्येक रसायनाचा साठा त्याच्या मर्यादेने भागायचा आणि बेरीज १ झाली की जागा कक्षेत. या नियमात ६ टन क्लोरीन आणि २५ टन अमोनिया, दोन्ही आपापल्या मर्यादेखाली असूनही, ०.६ अधिक ०.५ होऊन अडकतात. विषारी रसायनांसाठी बेरजेचा नियम मी कधीच सोडणार नाही.

संहतीची रेषाही अशीच. अपघात-प्रतिबंध नियमांत अमोनियाचं द्रावण २० टक्क्यांपासून मोजलं जातं, म्हणून १९ टक्क्यांचं द्रावण सर्रास विकलं जातं. याला सरसकट पळवाट म्हणणं मला पटत नाही. पातळ द्रावणाचा बाष्पदाब कमी असतो, सांडलं तर ढग लहान होतो. पण तेवढाच अमोनिया आणायला टँकरच्या फेऱ्या वाढतात, आणि नळी जोडणं-काढणं ही गळतीची नेहमीची जागा. रेषा कुठेही आखा, तिच्या एक पाऊल खाली काय होईल ते आधी लिहून काढा.

मसुदा तयार झाल्यावर तो भोपाळच्या ४२ टनांवर तपासून समाधान मानू नका; वरच्या तक्त्यातला मिथाइल आयसोसायनेटचा कोणताही आकडा त्या परीक्षेत पास होतो. अकरा टनरची जागा घ्या, कुंपणापलीकडे घरं आहेत असं धरा, आणि तुमच्या नियमाखाली त्या जागेला नेमकं काय करावं लागेल ते पाहा.