कोरियातील शाळेचे दुपारचे जेवण : परभणीच्या एका शिक्षिकेचा अभिप्राय

भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार 1 जानेवारी 2010 रोजी अमलात आला आणि पदवी व अध्यापनाची अर्हता असलेल्या भारतीयांना तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून काम करण्याची वाट खुली झाली. सुट्टीत मी परभणीला आले की बी.एड. झालेली मुले-मुली पगार, थंडी आणि घरभाडे यांची चौकशी करतात, आणि त्यांच्या आया मात्र एकच विचारतात, "तिकडं लेकरानं खायाचं काय, मॅडम?" त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे म्हणून मी शाळेतच मिळणाऱ्या दुपारच्या जेवणाविषयी लिहीत आहे. परदेशी शिक्षकाच्या तिथल्या रोजच्या जगण्यात इतकी भरवशाची आणि इतका आनंद देणारी दुसरी सोय मला आढळली नाही.

बाराच्या पुढे वर्ग रांगेने भोजनगृहात येतात. खणांचे स्टीलचे ताट, लांब दांड्याचा चमचा आणि स्टीलच्याच चपट्या काड्या घेऊन प्रत्येक जण पुढे सरकतो. खालच्या दोन मोठ्या खणांपैकी डावीकडे भात आणि उजवीकडे गरम सूप, तर वरच्या लहान खणांत किमची म्हणजे कोबीचे आंबवलेले तिखट लोणचे, दोन-तीन तोंडीलावणी आणि बहुधा एखादे फळ असते. भात आणि सूप चमच्याने खायचे, बाकीचे काड्यांनी. पहिलीतली मुले हे इतक्या सहज करतात की नव्या शिक्षकाने त्यांच्याकडे पाहूनच शिकावे. भात दररोज पांढराच असतो असेही नाही. त्यात कधी जव, कधी राळे, कधी काळा तांदूळ मिसळलेला असतो, आणि ज्या दिवशी तांबूस ज्वारीचे दाणे भाताबरोबर शिजून येतात, त्या दिवशी मराठवाड्याच्या माणसाला ताट परके वाटतच नाही. तिखटाची भीती कोणी बाळगू नये. ठेच्यावर वाढलेल्या जिभेला शाळेतली किमची सौम्यच लागते.

या जेवणातील ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ती म्हणजे सोयाबीन. लातूरची बाजारपेठ सोयाबीनवर चालते, आमच्या जिल्ह्यातही खरिपात हेच पीक सर्वत्र दिसते, पण आपल्याकडे सोयाबीन म्हटले की भाव, तेल आणि पेंड यांपलीकडे बोलणे जात नाही. पिकवणाऱ्याच्या ताटात ते क्वचितच येते. कोरियातील शाळेत एकाच दुपारी ते तीन-चार रूपांत समोर येऊ शकते : सोयाबीन आंबवून केलेल्या त्वेनजांग या पेस्टचे सूप, लसूण आणि तिळाचे तेल लावलेले सोयाबीनचे लांब मोड, वाफाळता तोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, आणि सोया सॉसमध्ये गोडसर शिजवलेले काळे सोयाबीन. हे सर्व महागडे पदार्थ नव्हेत, घरोघरी होणारे साधे खाणे आहे. आपल्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात राहणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी चाखावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जेवणामागची व्यवस्थाही तितकीच वाखाणण्यासारखी आहे. आहाराची जबाबदारी आहारशास्त्र शिकलेल्या व्यक्तीकडे असते, आणि अनेक शाळांत तिला शिक्षकाचाच दर्जा असून मुलेही तिला तशीच हाक मारतात. संपूर्ण महिन्याचा आहारतक्ता आधीच घरी पोहोचतो. त्यात प्रत्येक पदार्थापुढे ॲलर्जीकारक घटकांचे क्रमांक छापलेले असतात : 1 म्हणजे अंडे, 5 म्हणजे सोयाबीन, 6 म्हणजे गहू, 10 म्हणजे डुकराचे मांस, 16 म्हणजे गोमांस, अशी ही यादी 19 पर्यंत जाते. ज्याला अजून कोरियन लिपी वाचता येत नाही, त्या शिक्षकालाही आकडे वाचता येतात, त्यामुळे काय टाळायचे हे पहिल्याच आठवड्यात कळू लागते. शिजवलेल्या प्रत्येक पदार्थाचा नमुना उणे 18 अंश तापमानात 144 तास जपून ठेवावा लागतो, म्हणजे कोणाला बाधा झालीच तर तपासणीसाठी पुरावा हाताशी असतो.

तरीही माळकरी कुटुंबांतील शिक्षकांना मी स्पष्टपणे सांगेन की ही सोय त्यांच्यासाठी अपुरी आहे. त्या यादीत मासा म्हणून फक्त बांगड्याचा क्रमांक आहे. सुक्या लहान माशांचा अर्क सुपात आणि त्यांचाच आंबवलेला रस किमचीत वापरला जातो, पण त्याला स्वतंत्र क्रमांक नाही. त्यामुळे सूप दिसायला निव्वळ भाजीचे असले तरी ते शाकाहारी असेलच असे धरून चालता येत नाही. अशा दिवशी भात, फळ आणि असलाच तर तोफू एवढेच उरते. मी शेंगदाण्याच्या चटणीची लहान डबी जवळ ठेवत असे आणि त्याला कोणी कधी हरकत घेतली नाही. उलट शेजारी बसणाऱ्या शिक्षिका ती भातावर मागून घेत. दुसरी उणीव वेळेची आहे. मुले पंधरा मिनिटांत ताट रिकामे करतात आणि मोठ्यांनाही तीच गती धरावी लागते. तसेच उरलेले अन्न वेगळ्या पिंपात काढावे लागते, म्हणून आधीच कमी वाढून घेतलेले बरे.

ही व्यवस्था आयती मिळालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. कोरियन युद्धानंतर, 1953 पासून, तिथल्या शाळांतील मुलांना परदेशी मदतीतून आलेल्या अन्नावर भागवावे लागले. शालेय भोजनाचा कायदा 1981 मध्ये झाला. मोफत जेवण सर्वांना द्यावे की फक्त गरिबांच्या मुलांना, या प्रश्नावर सोल शहरात ऑगस्ट 2011 मध्ये सार्वमत घेण्यात आले. सरसकट मोफत जेवणाला विरोध करणारे महापौर ओ से-हून यांनी आपले पद पणाला लावले होते. एक तृतीयांश मतदान न झाल्याने मतपेट्या उघडल्याच गेल्या नाहीत आणि त्यांनी राजीनामा दिला. मुलांच्या जेवणावरून महापौराला जावे लागते, ही गोष्ट मी आमच्या शिक्षकांना नेहमी सांगते.

आपल्याकडेही 1995 पासून राष्ट्रीय योजना आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी स्वतः खिचडी वाटली आहे आणि अल्प मानधनावर ती शिजवणाऱ्या बायांचे कष्ट पाहिले आहेत. फरक मला पंक्तीत दिसतो. इथे शिक्षक नियमाप्रमाणे घासभर चव घेतात आणि मग स्वतःचा डबा उघडतात. तिथे मुख्याध्यापकांपासून सर्व जण पैसे भरून तेच जेवण त्याच सभागृहात जेवतात. ज्या ताटातून शिक्षक रोज जेवतो, त्यातल्या मिठाची तक्रार त्याच दुपारी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते.

शिक्षकांचे पैसे बहुधा दरमहा कापून घेतले जातात आणि बाहेरच्या खानावळीच्या मानाने ते फारच कमी असतात. रुजू होताच आहारशिक्षिकेला भेटून आपण काय खात नाही हे कोरियन भाषेत लिहिलेल्या चिठ्ठीवर द्यावे. उन्हाळी आणि हिवाळी सुट्टीत करारावरील परदेशी शिक्षकाला अनेकदा शाळेत हजर राहावे लागते, पण भोजनगृह बंद असते, म्हणून त्या आठवड्यांसाठी डबा करण्याची तयारी ठेवावी. मांसाहार चालणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हे जेवण निःशंकपणे घ्यावे. शाकाहारी शिक्षकाने पहिला महिना आहारतक्ता नीट पाहून मगच पैसे भरण्याचे ठरवावे.