नवीन म्हणून जुनाच प्रोग्राम विकला, जिनिंगवाले आणि दालमिलवाले सावध राहा

धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) मी हिशेब बघतो. कापसाच्या हिशेबपट्ट्या आमच्याकडे फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस भाषेत लिहिलेल्या डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या, प्रोग्राममधून निघायच्या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, १३२ कॉलमची पट्टी, कार्बनची प्रत शेतकऱ्याच्या हातात. विंडोज एक्सपीचं जुनं मशीन बंद पडलं आणि नवीन कॉम्प्युटरवर प्रोग्राम उघडेना. तो उघडणारच नव्हता, कारण ६४ बिट विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवतच नाही.

जळगावहून एक सॉफ्टवेअरवाला आला. "सगळं विंडोजमध्ये नव्याने लिहून देतो, पट्टी लेझरवर निघेल." ४५ हजार ठरले, ३० आगाऊ घेतले. त्याच्या लॅपटॉपवरून त्याने झकास पट्टी छापून दाखवली, शेठ खूश. ती वर्डमध्ये हाताने टाइप केलेली होती, हे पुढे कळलं. म्हणून डेमो बघताना आपल्या काट्यावरचं आजचं वजन टाकायला लावा, मग भाव बदलायला सांगा, आणि बेरीज आपोआप बदलते का ते बघा.

हंगामाच्या तोंडावर 'नवीन सॉफ्टवेअर' बसलं. सुरू होताना फर्मचं नाव रंगीत झळकायचं, पुढचे सगळे स्क्रीन जुनेच. विचारलं तर म्हणे, तुमच्या हाताची सवय मोडू नये म्हणून तसेच ठेवले!

पहिल्याच दिवशी पट्टीचा विचका झाला. उभ्या रेघेच्या जागी बारीक ३, आडव्या रेघेच्या जागी डोक्यावर दोन टिंबं असलेले इंग्रजी ए, ओळीच्या ओळी. हमाली आणि तोलाईचे आकडे मोडून खालच्या ओळीत गेलेले. एक शेतकरी कागद उलटसुलट करत म्हणाला, "हाई काय शे भो?" सॉफ्टवेअरवाल्याने प्रिंटरवर ढकललं आणि स्वतःच्याच ओळखीतून दुसरा लेझर प्रिंटर घ्यायला लावला. त्यावरही तेच.

प्रिंटरचा काहीच दोष नव्हता. डॉसमध्ये रेघांना जे कोड असतात, ते विंडोजच्या कोडपानात (कोणत्या कोडला कोणतं अक्षर, त्या तक्त्यात) दुसरीच अक्षरं होतात. बारीक छपाईची आज्ञाही डॉट मॅट्रिक्सला कळते, साध्या लेझरला नाही. मग १३२ कॉलम ए४ वर मावणार कसे?

भांडं फुटलं शेठच्या पुतण्यामुळे. त्याच्याकडून चुकून आल्ट आणि एंटर एकत्र दाबलं गेलं, स्क्रीन आकसून छोटी खिडकी झाली आणि वर नाव दिसलं, 'डॉसबॉक्स ०.७४'. जुने गेम खेळायला लोक वापरतात तो फुकटचा प्रोग्राम! त्यात आमचीच जुनी ईएक्सई फाइल चालत होती. पट्टी टेक्स्ट फाइलमध्ये काढून नोटपॅडमधून छापायची, एवढीच काय ती त्याची कारागिरी.

जाब विचारल्यावर फोन उचलणं बंद. जुनी हार्ड डिस्क 'डेटा कन्व्हर्ट करायला' म्हणून नेलेली, प्रोग्रामच्या पीआरजी फाइल, म्हणजे त्याचा मूळ लिहिलेला सोर्स कोड, त्यातच. डेटाच्या डीबीएफ फाइलींची पेन ड्राइव्हवरची प्रत माझ्याकडे होती म्हणून शेतकऱ्यांची खाती वाचली. त्या लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सरळ उघडतात. कोटेशनवर फक्त 'विंडोज बेस्ड सॉफ्टवेअर' लिहिलेलं, त्यामुळे वकिलांचं म्हणणं, लढाई लांबेल. तुम्ही लिहून घ्याल तेव्हा कोणकोणते रिपोर्ट, कोणत्या प्रिंटरवर आणि सोर्स कोड आपल्या ताब्यात, हे तिन्ही लिहून घ्या.

सध्या आम्ही व्हीडॉस नावाच्या, विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या प्रोग्रामवर काम भागवतोय. तो डॉसची छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे वळवतो. तो गृहस्थ मात्र आता अमळनेर-पारोळ्याकडे फिरतोय असं कानावर आलंय. तुमच्याकडे आला तर चहा पाजा, आणि पैसे मोजण्याआधी त्याच्यासमोरच आल्ट-एंटर दाबा.