परळचे टाटा रुग्णालय : एका रुग्णाच्या मुलीचा अभिप्राय

आई-वडिलांपैकी एकाला कर्करोग असल्याचे अचानक कळते, तेव्हा मुलांची पहिली गरज एवढीच असते की पुढचे पाऊल कोणते, हे कोणीतरी अधिकाराने आणि शांतपणे सांगावे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने आमची ही गरज उत्तम रीतीने भागवली. म्हणून या अभिप्रायात उपचारांबरोबरच तेथील कार्यपद्धतीविषयीही सविस्तर लिहीत आहे.

साठी ओलांडलेल्या माझ्या आईला कोणतेही व्यसन नव्हते आणि घराण्यात हा आजार कोणाला झाल्याचे आमच्या ऐकिवात नव्हते. पोट फुगणे आणि दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, या तक्रारींवर कित्येक महिने पित्ताची औषधे चालू होती. सोनोग्राफीत पोटात पाणी आणि अंडाशयावर गाठ दिसली आणि रक्तातील सीए-१२५ या, अंडाशयाच्या कर्करोगात बहुधा वाढणाऱ्या प्रथिनाचे प्रमाणही वाढलेले निघाले. अंडाशय पोटात खोलवर असतात, सुरुवातीची लक्षणे संदिग्ध असतात आणि सर्वसाधारण स्त्रियांसाठी लवकर निदान करणारी भरवशाची चाळणी चाचणी अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे हा कर्करोग बहुधा पसरल्यावरच उघडकीस येतो. हे आम्हाला पुढे समजले. त्या आठवड्यात मात्र घरात सल्ल्यांचा नुसता गलका उसळला होता. कोणी काढा सुचवत होते, तर गावातील एका शल्यचिकित्सकाने पुढच्याच आठवड्यातील शस्त्रक्रियेची तारीखही देऊन टाकली होती.

टाटामध्ये नोंदणी झाली की रुग्णाला एक फाइल क्रमांक मिळतो आणि पुढचे सर्व तपास व निर्णय त्याच क्रमांकाखाली नोंदले जातात. जनरल की प्रायव्हेट, हे आरंभीच ठरवावे लागते. शुल्कात मोठा फरक असला तरी उपचारांची दिशा ठरवणारे तज्ज्ञ तेच असतात, त्यामुळे केवळ प्रतिष्ठेपायी प्रायव्हेटचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे स्मार्ट कार्डावर भरून ठेवायचे असतात आणि प्रत्येक तपासणीचे शुल्क त्यातून वळते होते. बाहेर केलेल्या बायोप्सीचा केवळ छापील अहवाल येथे पुरत नाही. मूळ ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) आणि त्याच्या काचपट्ट्या म्हणजे स्लाइड्स आणाव्या लागतात आणि येथील पॅथॉलॉजी विभाग त्या नव्याने तपासतो. आमच्या जिल्ह्यातील प्रयोगशाळेने ब्लॉक देण्यास टाळाटाळ केली आणि ऐन घाईच्या दिवसांत आम्हाला हेलपाटे घालावे लागले. ब्लॉक मागणे हा रुग्णाचा अधिकार आहे. मुंबईला निघण्यापूर्वीच तो ताब्यात घ्यावा.

मला सर्वाधिक मोलाची वाटली ती निर्णयाची पद्धत. शल्यचिकित्सक, औषधोपचारतज्ज्ञ आणि इतर विषयांतील डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात. आईच्या बाबतीत आधी पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन यांच्या, दर २१ दिवसांनी एक अशा तीन केमो, मग शस्त्रक्रिया आणि त्यानंतर उरलेल्या तीन केमो, असा क्रम ठरला. गावात घाईने शस्त्रक्रिया केली असती तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

आईला आजाराचे नाव कळू द्यायचे नाही, असे आम्ही भावंडांनी ठरवले होते. तपासणीच्या खोलीत तरुण डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे न पाहता थेट तिलाच सांगितले, “काकू, हा अंडाशयाचा कॅन्सर आहे. आधी औषधाने गाठी लहान करू, मग ऑपरेशन करू.” आईने एवढेच विचारले, “केस जातील ना?” “जातील आणि परत येतील,” असे उत्तर मिळाले. त्या दोन वाक्यांनी घरातली चोरटी कुजबुज संपली, आणि पुढे पथ्य असो वा खर्च, प्रत्येक निर्णयात आई सहभागी झाली.

देशभरातून येणाऱ्या रुग्णांचा भार पाहता प्रतीक्षेत अख्खा दिवस जाऊ शकतो आणि डॉक्टरांच्या वाट्याला एका रुग्णासाठी मोजकीच मिनिटे येतात. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि रुग्णासोबत दोघांनी जावे, म्हणजे एकाला रांगेत थांबता येते. नातेवाइकांच्या भीतीसाठी मात्र वेगळी दारे ठोठवावी लागतात. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात निवासाची आणि आर्थिक मदतीची माहिती मिळते. राहण्याच्या सोयीसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांचीही तेथे अवश्य चौकशी करावी. १९९४ पासून काम करणाऱ्या व्ही केअर या संस्थेत या आजारातून स्वतः गेलेले स्वयंसेवक भेटतात, आणि अशा माणसाशी बोलल्यावर माझ्या धाकट्या भावाला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. वेदनाशमन अर्थात पॅलिएटिव्ह विभागाकडे पाठवले म्हणजे आशा संपली, असा समज करून घेऊ नये. मळमळ, वेदना, निद्रानाश यांवर उपचार चालू असतानाच तेथे मदत मिळते.

खर्चाबाबत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. कागदपत्रे पहिल्याच फेरीत सोबत ठेवावीत. उपचारांसाठीच्या रेल्वेप्रवासात स्लीपर व थ्री-टियर एसीचे भाडे रुग्णाला पूर्ण माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

शेवटची बाब मुलींसाठी आहे. अंडाशयाच्या कर्करोगात बीआरसीए जनुकांची (ज्यांतील दोषामुळे स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो) तपासणी सुचवली जाते, कारण आईत दोष आढळल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. समुपदेशकाने हे आम्हाला वंशावळीचा तक्ता काढून समजावले आणि मावशीलाही त्यात धरले. आईचा अहवाल निर्दोष आला, तरी बहिणीने व मी ही चर्चा लग्न आणि अपत्ये यांच्या संदर्भात मोकळेपणाने केली. ज्यांच्या आईला हे निदान झाले आहे, त्यांनी तपासणीचा विषय डॉक्टरांनी काढण्याची वाट न पाहता स्वतःहून काढावा.