व्हॉट्सअॅप बिझनेस: वाळवणाच्या हंगामानंतरचा अनुभव

आई आणि मी नागपूरच्या प्रतापनगरातून सरगुंडे (काडीवर वळून वाळवलेला शेवयांसारखा प्रकार), मूगवड्या, पापड विकतो. फेब्रुवारीपासून पावसाळा लागेपर्यंत सगळी जाहिरात याच अॅपवरून केली. फुकट आहे, कॅटलॉग लावणं सोपं आहे आणि तयार उत्तरांमुळे "भाव काय?"ला दिवसभर टाइप करत बसावं लागत नाही.

खरी कामाची गोष्ट ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय. एका यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. बरेच जण ही अडचण मानतात. मला ती चाळणी वाटते. पाठवलेल्या मेसेजची माहिती उघडली की कोणाला पोचला, कोणी वाचला ते दिसतं. हंगामभर ज्याचं नाव 'पोचला'मध्येसुद्धा आलंच नाही, त्याला आपलं काही नकोय असं मी धरते.

निळ्या टिकांवर मात्र भिस्त ठेवू नका. वाचल्याची खूण बंद करता येते. आमच्या एक काकू कधीच निळ्या होत नाहीत अन् सगळ्यात मोठी ऑर्डर त्यांचीच. नात्यातले मिनिटभरात वाचतात, "मस्त गं!" म्हणतात, घेत काही नाहीत. (त्यांच्या घरी तसंही फुकट जातं म्हणा.)

मेसेज योग्य घरी पडला हे मला प्रश्नावरून कळतं. भाव कोणीही विचारतं. पण "ताई, सरगुंडे काडीवर वळलेले आहेत नं? साच्याचे नको बाई", किंवा "वड्यांत कोहळं किसून घालता का?" असं विचारणारीनं हे घरी होताना पाहिलेलं असतं आणि आता करणारे हात घरात उरलेले नसतात. तिला पटवावं लागत नाही, खरं तेवढं सांगायचं. म्हणून मेसेजमधून "शुद्ध, घरगुती, चविष्ट" काढून टाकलं आणि "काडीवरचे सरगुंडे, आमरसासोबत" एवढंच ठेवलं. वाहवा कमी झाली. पण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पुण्याला गेलेल्या नागपूरकरांची विचारणा सुरू झाली. कोणीतरी "हे आपल्याकडच्यासारखे दिसतात" असं स्वतःचं वाक्य जोडून मेसेज पुढे पाठवला होता.

असे प्रश्न विचारणाऱ्यांना मी वेगळं लेबल लावते. नवा घाणा निघाला की आधी त्यांनाच कळवते. स्टेटस २४ तासांत जातं, त्यावर फक्त "आज कुरिअर निघेल" एवढंच टाकते. ठरलेली गिऱ्हाइकं असतील तर अॅप जरूर वापरा. अनोळखी माणसं शोधायला मात्र याचा फारसा उपयोग नाही, त्यासाठी इतवारीत एखाद्या किराणा दुकानात नमुना ठेवलेला बरा.