माणसं मोजकी असतील तर ईव्हीएमची राखण कुठे करायची?

आमच्या गल्लीतला एक मुलगा गेल्या आठवड्यात घरी आला होता. पुढच्या विधानसभेला अपक्ष उभं राहायचं त्याच्या मनात आहे. म्हणाला, "मावशी, माझ्याकडे चाळीस पोरं आहेत. मतदान झालं की सगळ्यांना स्ट्राँग रूमबाहेर बसवतो. मशीनजवळ कोणी फिरकता कामा नये."

मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर कोण बसणार?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

नाशिकमध्ये मी मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रात बसले आहे आणि मतमोजणीच्या जाळीबाहेरही उभी राहिले आहे. त्या मुलासारखाच विचार करणारे बरेच जण भेटतात. मशीनची काळजी सगळ्यांना असते, पण ती कुठल्या टप्प्यावर घ्यायची याचा हिशेब कोणी मांडत नाही. प्रत्येक टप्पा काहीतरी पकडतो आणि काहीतरी त्याच्या हातून सुटतं. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तर चाळीस माणसं कुठे लावायची हे ठरवणं सोपं जातं.

पहिले दोन टप्पे झटकन सांगते, कारण अपक्षाला तिथे फारसा वाव नाही. मशीनची प्रथमस्तरीय तपासणी निवडणुकीच्या बरीच आधी होते. बंगळूरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल या दोनच सरकारी कंपन्या मशीन बनवतात आणि त्यांचेच अभियंते ही तपासणी करतात. बोलावणं मान्यताप्राप्त पक्षांना जातं, उमेदवार तेव्हा ठरलेलेच नसतात. मग संगणकावर दोनदा सरमिसळ होते. त्यामुळे कुठलं मशीन कुठल्या केंद्रावर जाणार हे आधी कुणाला कळत नाही. दुसऱ्या सरमिसळीला मात्र उमेदवाराने स्वतः जावं. केंद्रनिहाय मशीन क्रमांकांची यादी तिथे मिळते आणि पुढची सगळी पडताळणी त्या यादीवर चालते. एक माणूस, अर्धा दिवस. हे चुकवू नये.

पहाटेचं मॉक पोल की दिवसभराचा पहारा?

मतदान सकाळी सातला सुरू होतं, तर मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान (सरकारी कागदांत अभिरूप मतदान), त्याच्या दीड तास आधी होतं. नोव्हेंबरातली साडेपाच म्हणजे नाशिकला चांगलीच थंडी. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, एका कोपऱ्यात ढीग करून ठेवलेले बाक, आणि आदल्या दुपारपासून साहित्य सांभाळत तिथेच मुक्काम केलेले केंद्राध्यक्ष. बहुतेक वेळा ते शिक्षकच असतात. निदान दोन उमेदवारांचे प्रतिनिधी हजर असावेत अशी अपेक्षा असते. कोणी आलंच नाही तर पंधरा मिनिटं वाट बघून ते काम सुरू करतात, आणि तुमचा माणूस सहाला पोचला तर सुरुवातीची मतं त्याच्या हिशेबातून सुटतात.

किमान पन्नास मतं टाकली जातात, 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कोणी नाही', यासकट प्रत्येक बटणावर. तुम्ही तुमच्या वहीत उभ्या रेघा मारून मोजत राहायचं. मग क्लोज आणि रिझल्ट ही बटणं दाबली जातात, आणि स्क्रीनवरचे आकडे वहीशी जुळवायचे. व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे प्रत्येक मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या काढून त्याही मोजायच्या. त्यानंतर ही मतं पुसायला क्लिअर. एकूण शून्य दिसलं की मगच मान हलवायची. एकदा माझ्यासमोर गडबडीत क्लिअर राहून गेलं होतं. शेजारच्या प्रतिनिधीच्या ते लक्षात आलं, केंद्राध्यक्षांनी लगेच दुरुस्त केलं आणि वर आभार मानले. ते तसंच राहिलं असतं तर मोजणीत ते मशीन बाजूला पडलं असतं आणि त्या केंद्रावरच्या शेकडो लोकांची मतं वादात सापडली असती.

मॉक पोलमध्ये काय पकडलं जातं? एका उमेदवाराचं बटण दाबल्यावर दुसऱ्याला मत जाणं, चिन्ह चुकीचं भरलेलं असणं, आधीची मतं आत राहिलेली असणं. काय सुटतं? उघड बोलायचं तर, एखादं मशीन पहिली पन्नास मतं सरळ नोंदवून दुपारनंतर वाकडं वागायचं ठरवून आलं असेल, तर मॉक पोल त्याला पकडू शकत नाही. त्यावरचा उपाय व्हीव्हीपॅटमध्ये आहे, तिकडे पुढे येतेच.

मॉक पोल झाल्यावर चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात सील होतात आणि कंट्रोल युनिटच्या, म्हणजे मतं साठवणाऱ्या यंत्राच्या, रिझल्टच्या भागावर हिरवं कागदी सील लागतं. त्या सीलवर क्रमांक छापलेला असतो. तो लिहून घ्यायचा आणि सीलवर आपली सही करायची. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून पेन दोन न्या.

सगळ्यात मोलाचा कागद

माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्याकडे माणसं कमी आहेत त्याने आपली बहुतेक ताकद नमुना १७-सी मिळवण्यावर लावावी.

हा मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष भरतात तो नोंदवलेल्या मतांचा हिशेब. मतदार किती, नोंदवहीत, म्हणजे १७-ए मध्ये, सह्या किती, मशीनमध्ये एकूण मतं किती, मशीन कुठलं, कागदी सील कुठल्या क्रमांकाचं लागलं, हे सगळं एका कागदावर येतं. नियमाप्रमाणे हजर असलेल्या प्रतिनिधीला त्याची साक्षांकित प्रत द्यायची असते.

आता विचार करा. कोणी वाटेत किंवा गोदामात मशीनच बदललं, तर क्रमांक जुळणार नाही. क्रमांकही कसाबसा जुळवला, तरी तुमच्या माणसाची सही असलेलं हिरवं सील कुठून आणणार? मतदान संपल्यावर मतं वाढवली, तर एकूण आकडा जुळणार नाही. म्हणजे स्ट्राँग रूमबाहेर रात्रंदिवस बसून ज्या गोष्टीची भीती वाटते, ती झालीच तर दाखवून देणारा पुरावा हा एक कागद आहे. तो हातात असेल तर पहाऱ्यात डुलकी लागली तरी चालेल. तो नसेल, तर जागरण करूनही मोजणीच्या टेबलावर बोलायला काही उरत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. एका निवडणुकीत आमचा एक मुलगा संध्याकाळी साडेपाचला जेवायला घरी गेला. रांग संपायला आठ वाजले. तो परतला तेव्हा मशीन पेटीत घालून सील झालं होतं आणि गाडी निघायची घाई होती. "उद्या कार्यालयातून घ्या" असं त्याला सांगण्यात आलं. ती प्रत आम्हाला मिळालीच नाही. मोजणीत त्या केंद्राचा आकडा आला तेव्हा आमच्या तक्त्यात तेवढा एक रकाना रिकामा होता. आकडा बरोबर असेलही, पण तसं म्हणण्याचा किंवा नाकारण्याचा आधार आमच्याकडे नव्हता. ती गोष्ट मला आजही डाचते.

१७-सी मधून काय सुटतं तेही सांगायला हवं. एकूण बेरीज तीच ठेवून एकाची मतं दुसऱ्याच्या खात्यात गेली तर हा कागद गप्प बसतो. दुसऱ्याच्या नावावर मतदान करणारा माणूसही त्यात दिसत नाही. त्याला दारात ओळखायला केंद्रात डोळे उघडे ठेवणारा प्रतिनिधीच लागतो.

स्ट्राँग रूमचा पहारा

नाशिककरांना अंबडचं केंद्रीय वखार महामंडळाचं गोदाम ओळखीचं आहे. लोकसभेची यंत्रं तिथे ठेवली जातात. आत केंद्रीय दलाचा पहारा, दुहेरी कुलूप, सीसीटीव्ही. उमेदवारांना कुलपावर स्वतःचं सील लावता येतं आणि बाहेर ठरवून दिलेल्या जागी प्रतिनिधी बसवता येतो. दार थेट दिसत नसेल तर पडद्यावर दाखवतात.

पण किती रात्री? २०२४ च्या लोकसभेला नाशिकमध्ये २० मे रोजी मतदान झालं आणि मोजणी ४ जूनला: पंधरा रात्री. त्याच वर्षीच्या विधानसभेला २० नोव्हेंबर ते २३ नोव्हेंबर: तीन. महापालिकेला १५ जानेवारी २०२६ ला मतदान आणि दुसऱ्या दिवशी मोजणी: एकच रात्र. मे महिन्यातल्या उकाड्यात, डासांत, पंधरा रात्री पोरांना बसवलं की मोजणीच्या सकाळी ती टेबलाशेजारी पेंगतात. पहारा निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. लोकांच्या मनाला धीर येतो, आणि दार अवेळी उघडलं तर साक्षीदार असतो. पण त्याला पाळीपाळीने चार माणसं पुरतात. विधानसभेला तर नक्कीच.

मोजणी आणि पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या

मोजणीला साधारण चौदा टेबलं असतात, शिवाय निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांचं एक. प्रत्येक टेबलाला तुमचा एक माणूस हवा आणि त्याच्या हातात त्या टेबलावर येणाऱ्या केंद्रांच्या १७-सी प्रती हव्यात. कंट्रोल युनिट समोर आलं की आधी क्रमांक, मग सील, मग एकूण मतं. हे तिन्ही जुळल्यावरच हिरव्या कागदाला भोक पाडून रिझल्टचं बटण दाबतात. ते दाबण्याआधीचा अर्धा मिनिट तुमचा आहे. नंतर हरकत घेणं अवघड जातं. दिवसभर चालूनही मशीनची बॅटरी नव्व्याण्णव टक्के का दाखवते यावर २०२४ मध्ये हरियाणात मोठा वाद झाला. अशा प्रश्नांवर वाद घालत बसून आकडे लिहायचं राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता तो मगाचा प्रश्न: बेरीज तीच, पण मतं आतल्या आत फिरली तर? इथे फक्त कागदाची चिठ्ठी साक्ष देते. मतदार काचेआड ती सात सेकंद बघतो आणि ती खाली पेटीत पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या, केंद्र सोडतीने काढून, मोजल्या जातात. २०२४ च्या विधानसभेत राज्यात २८८ जागांच्या १,४४० केंद्रांवर ही मोजणी झाली आणि कुठेही तफावत आढळली नाही असं निवडणूक यंत्रणेने सांगितलं.

पाच पुरेत का? मी वहीवर गणित करून पाहिलं. मतदारसंघात ३५० केंद्रं धरा आणि त्यातल्या दहांमध्ये गडबड आहे असं समजा. पाचांच्या सोडतीत त्यातलं एक तरी सापडण्याची शक्यता शंभरात जेमतेम चौदा. पण अशीच गडबड वीस मतदारसंघांत केली, तर कुठे ना कुठे सापडण्याची शक्यता शंभरात चौऱ्याण्णवच्या आसपास जाते. म्हणजे राज्यभराचा घोटाळा पकडायला ही पद्धत भक्कम आहे, एकाच मतदारसंघापुरती कमजोर. म्हणूनच एकट्या उमेदवाराने तिच्यावर विसंबून राहू नये. मतदाराला चिठ्ठीवर दुसरं चिन्ह दिसलं तर तिथेच लेखी तक्रार करता येते आणि प्रतिनिधींसमोर चाचणी मत टाकलं जातं. तक्रार खोटी निघाली तर शिक्षा होऊ शकते, म्हणून खात्री असेल तरच, पण खात्री असेल तर जरूर.

निकालानंतरचा मार्ग खर्चिक आहे. २६ एप्रिल २०२४ च्या निकालाने न्यायालयाने मतपत्रिकेकडे परतण्याची आणि सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येईल असं सांगितलं. गैरप्रकार निघाला तर पैसे परत. त्या वर्षी एका संचाला ४७,२०० रुपये पडत होते. ३५० केंद्रांचे पाच टक्के, म्हणजे सतरा संच धरले तर आठ लाखांच्या वर. तपासणीत मूळ माहिती पुसू नये, असंही न्यायालयाला फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगावं लागलं. चौथ्या क्रमांकाच्या अपक्षाला हे दार बंदच आहे. त्याला निवडणूक याचिका उरते, तीही पंचेचाळीस दिवसांच्या आत.

महापालिकेचं चित्र वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त काळजीचं. बहुतेक प्रभागांत चार जागा, चार मतं, आणि व्हीव्हीपॅट नाही. सोडत नाही, चिठ्ठी नाही. तिथे मॉक पोल, सील आणि मतांच्या हिशेबाचा कागद एवढंच हातात असतं. तीनशे लोकांनी ज्या उत्साहाने प्रचारफेरी काढली, त्यातल्या तीसांनी जरी वर्गात दिवसभर बसायची तयारी दाखवली तरी खूप झालं.

मतपत्रिका परत आली तर हे सगळं सुटेल का, असंही त्या मुलाने विचारलं. तेव्हाही मतपत्रिकांचा हिशेब नमुना १६ मध्ये लिहिला जायचा आणि तेव्हाही केंद्रावर माणूस नसेल तर पेटीत काय पडलं ते कळत नसे.

त्याच्या चाळीस मुलांची वाटणी आम्ही शेवटी अशी केली. मतदानाच्या दिवशी छत्तीस जण केंद्रांवर, पहाटे सव्वापाच ते पेटी सील होईपर्यंत. जेवणाचे डबे तिथेच पोचवायचे, कोणी घरी जायचं नाही. उरलेले चार जण डबे आणि बदलीसाठी फिरते. रात्रीचा पहाराही तेच चौघे पाळीने करतील. मोजणीला छत्तीसमधले पंधरा, पुरेशी झोप झालेले. ज्या तीनशेहून जास्त केंद्रांवर त्याचा माणूस नाही, तिथल्या १७-सी साठी इतर उमेदवारांशी आधीच बोलून ठेवायचं: आमच्या प्रती तुम्ही घ्या, तुमच्या आम्हाला द्या. प्रतिस्पर्धी असले तरी या कागदात सगळ्यांचाच फायदा आहे, त्यामुळे बहुतेक जण तयार होतात.

जाताना त्याने माझी जुनी वही मागून नेली, उभ्या रेघांची. रिकामा रकाना कुठल्या पानावर आहे ते मी त्याला दाखवून ठेवलं आहे.